उन्हात नको, उजेडात

रुक्मिणीनगर, अमरावती
११ मे २००६

चि. चारुता,

अनेक आशीर्वाद.

एका कामासाठी लिहिते आहे. ईशानचं घड्याळ बंद पडलं आहे. ते उजेडावर चालतं एवढंच मला माहीत. त्याला उजेड कसा द्यायचा, किती द्यायचा आणि काय करायचं नाही, हे तुला माहीत आहे. त्याची माहितीपुस्तिका तुझ्या सामानात अकोल्याला गेली. ती पाठव, किंवा त्यातलं कामापुरतं लिहून पाठव. फोन तू उचलत नाहीस. तेही ठीकच आहे, फोनवर माझा आवाज चढतो.

गैरसमज नको म्हणून आधीच लिहिते. गेल्या वर्षी ईशानचे दिवस झाल्यावर तू माहेरी निघालीस, तेव्हा दारात, पाहुण्यांच्या देखत, ते घड्याळ मागितलंस आणि मी दिलं नाही. आजही देणार नाही. तू पहिल्या पगारातून त्याला घेऊन दिलंस, हे मला मान्य आहे. पण वस्तू ज्याला दिली त्याची होते, आणि तो माझा मुलगा होता. हा विषय इथेच संपला.

आता घडलं ते. दवाखान्यातून त्याच्या कपड्यांबरोबर पिशवीतून घड्याळ आलं, ते मी लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं. परवा वर्षश्राद्ध झालं. फोटोपुढे ठेवायला म्हणून यांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, ते बाहेर काढलं तर बंद. दिवसभर हातात घेऊन बसले. मी म्हटलं, वर्षभर अंधारात होतं, उजेड मिळाला नाही, दुसरं काय होणार? एवढं बोलले आणि विसरले.

वर्ष संपलं म्हणून मी यंदा वाळवण घालायचं ठरवलं. माणिकबाई आली, गच्चीवर दोन खाटा टाकल्या, कुरडया घातल्या. दुपारी वर जाऊन पाहते तो कुरडयांच्या ओळीत, अगदी शेवटच्या कुरडईशेजारी, ते घड्याळ. त्यावर कावळ्याने नेऊ नये म्हणून माझं जुनं पातळ अंथरलेलं. माणिकबाईला विचारलं, तर म्हणाली, "म्या नाई ठेवलं, बाई. वकीलसायबानं ठेवलं. म्हने उन्हाचं घड्याळ हाय, उन्हातच ठेवा लागते. मी म्हनलं ठेवा बापा, पन कावळा नेईन, तं पातळ टाकून दिलं."

म्हणजे ऊन सगळं लागलं आणि उजेड पातळाने अडवला. ज्या घरात दोन पदवीधर आहेत तिथे हे घडलं. घड्याळ हातात धरवत नव्हतं.

बाजारात घड्याळवाल्या जुबेरकडे दाखवून आणलं. तो म्हणतो, "मॅडम, हे सोलर-बिलर सगळे कंपनीचे चोचले. साधा सेल टाकून देतो, दोन साल टेन्शन नाई." मी टाकू दिला नाही. का ते मला सांगता आलं नसतं, पण त्याची घाई मला आवडली नाही.

इकडे बाकी ठीक. हे बरे आहेत. तू येण्याची गरज नाही. उत्तर मात्र लवकर लिही, घड्याळ सुरू होणं गरजेचं आहे.

सौ. रमा

ता. क. घड्याळ फार तापलं होतं म्हणून मी ते माठाखालच्या ओल्या वाळूवर ठेवलं. आता काचेच्या आत दव दिसतं. तेही विचारते.


अमरावती
२९ मे २००६

चि. चारुता,

तुझं पत्र पोचलं. त्याला पत्र म्हणायचं तर म्हणते. मायना नाही, सही नाही, प्रश्नाला उत्तर द्यावं तसं लिहिलेलं. पण उत्तर पूर्ण आहे, आणि मी शिक्षिका होते, पूर्ण उत्तराचे गुण कापत नाही.

तू लिहिल्याप्रमाणे केलं. साधा सेल टाकला नाही. आतला सेल उजेडाने भरणारा असतो, त्याच्या जागी साधा टाकला तर उजेड त्यालाही भरू पाहतो आणि तो फुटतो किंवा गळतो, हे वाचून जुबेरकडे गेले आणि त्याला ऐकवून आले. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या सूनबाईले माझ्या दुकानात बसवा." मी म्हटलं, ती अकोल्याला असते.

दव गेलं. तू लिहिलंस तसं ते मोकळ्या हवेत, सावलीत राहू दिलं. तापलेली वस्तू एकदम गार करू नये, हे मी मुलींना तीस वर्षं काचेच्या नळीवरून शिकवलं आहे. असो.

आता ते बैठकीच्या उत्तरेच्या खिडकीत आहे, काच वर करून. तिथे दिवसभर उजेड असतो आणि ऊन येत नाही. संध्याकाळी दिव्याखाली ठेवावं असं मनात होतं, पण तू बल्बच्या जवळ नेऊ नका लिहिलंस. तशी वेळच येत नाही, वीज संध्याकाळी जाते ती जेवणं झाल्यावर येते. काटे अजून हललेले नाहीत. पूर्ण रिकामं झालेलं घड्याळ भरायला बरेच दिवस लागतात, धीर धरा, असं तू लिहिलंस. धरते आहे.

तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. "बाबा दवाखान्यात होते हे तुम्ही लिहिलं नाही." पेन कागदाच्या आरपार गेलं आहे तिथे.

कुणी सांगितलं हे शोधायला मला वेळ लागला नाही. शेजारच्या नसीमबानोची नगमा तुझ्याच कॉलेजात शिकवते. मी भिंतीपाशी जाऊन विचारलं तर नसीमबानो पदर खोचून माझ्याच अंगावर आली. "हो, मीनंच सांगतलं. तुमी त पोरीले कायीच सांगत नाई. दुश्मन हाय का ते तुमची? आता मले फासावर चढवा." तिचा नवरा, अब्दुल सत्तार, आतून म्हणाला, "रमाबाई, हिले नका चढवू, सैपाक कोन करन?" मी घरी आले.

तर आता लिहिते. घड्याळ गच्चीवर एकटं नव्हतं. हे तिथेच बसले होते, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. ती सावली बारा वाजता टाकीच्या बुडाशी जाते. माणिकबाई खाली गेली तरी हे उठले नाहीत. डोक्यावर काही नाही, जवळ पाणी नाही. मी घड्याळ पाहिलं आणि मग यांना पाहिलं. अंग कोरडं होतं, चटका बसेल इतकं, आणि मला ते "गोदाबाई" म्हणाले. गोदाबाई ही यांची थोरली बहीण, जाऊन कितीतरी वर्षं झाली.

अब्दुल सत्तारने आणि त्याच्या दुकानातल्या हमालांनी खाटेसकट उतरवलं. सलाईन लावलं. चार दिवस तिथे होते. घरी आले, पण जिना चढत नाहीत, वर्तमानपत्र उघडत नाहीत. जेवण पुढे ठेवलं की विचारतात, "चालू झालं का?" नाही म्हटलं की ताट सरकवतात. हे मी तुला मुद्दाम कळवलं नाही. तू त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात पुन्हा उभं राहावंस, असं मला वाटलं नाही. डॉक्टरही तेच होते.

तू लिहिलंस की घड्याळ साठ अंशांपलीकडे तापू द्यायचं नाही, त्याच्याआधीच ते उचलावं. पुस्तिकेत तसं छापलं आहे म्हणतेस. ते वाक्य मी अनेकदा वाचलं. घड्याळाला किती ऊन सोसतं हे त्याच्याबरोबर लिहून येतं, हे चांगलं आहे.

मी कुरडया डब्यात भरून ठेवल्या. यंदा कुणी तळायच्या नाहीत.

सौ. रमा


अमरावती
२० जून २००६

चि. चारुता,

घड्याळ सुरू झालं.

सकाळी खिडकी पुसायला गेले तर सेकंदकाटा हलत होता. पण नीट नाही. एका जागी थांबे, मग दोन घरं एकदम उडी मारी. मी घाबरले. यांना सांगितलं नाही. तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं, त्यात तळाशी आहे, "काटा दोन-दोन सेकंदांनी उडी मारत असेल तर बिघाड समजू नये, भूक लागली आहे असं समजावं." त्या "भूक" शब्दावर मी जरा थांबले. पुस्तिकेत तो शब्द नसणार. तो तुम्हा दोघांचा असावा.

दोन-तीन दिवसांत उड्या थांबल्या. मग वेळ लावली, तारीख लावली, आणि यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. यांनी चष्मा मागितला. पुष्कळ वेळ पाहिलं. मग वकिली आवाजात विचारलं, "हे कुणाच्या सांगण्यावरून केलंस?" मी म्हटलं, चारुताच्या. तर म्हणाले, "तज्ज्ञ साक्षीदार आहे. उलटतपासणी करू नकोस." त्या दिवशी पोळी खाल्ली.

हातात घालायला मागितलं, पण मनगट इतकं बारीक झालं आहे की घड्याळ कोपरापर्यंत जातं. जुबेरकडे पट्ट्यातल्या कड्या काढायला दिल्या. तो मोठ्याने म्हणाला, "मॅडम, हे तं लेडीजची साईज झाली." मी त्याच्याकडे पाहिलं, तसं त्याने कड्या कागदात बांधून मुकाट्याने दिल्या. त्या मी लॉकरमध्ये ठेवल्या आहेत.

आता रोज सकाळी हे व्हरांड्यात खुर्चीवर बसतात आणि मी सदऱ्याची बाही वर करून देते. ऊन पायऱ्यांपर्यंत आलं की आत आणते. तू म्हणतेस तसं झालं, हातात असलं की वेगळं काही करावं लागत नाही, फक्त बाहीखाली झाकू द्यायचं नाही.

एक गोष्ट आठवली म्हणून लिहिते. गेल्या वर्षी पिशवीतून घड्याळ आलं तेव्हाही काटा असाच दोन-दोन घरं उडत होता. मला वाटलं पडून बिघडलं असेल, म्हणून तर मी लॉकरमध्ये टाकलं. तेव्हा कळलं असतं तर वर्षभर अंधारात ठेवलं नसतं.

दुसरी गोष्ट. नसीमबानो म्हणते की तुमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांनी तुला लग्नाचं विचारलं होतं आणि तू नाही म्हणालीस. ती हे भिंतीवरून सांगत होती आणि मी कपडे वाळत घालत होते. मी म्हटलं, "मला काय सांगता, तिचं ती पाहील." ती म्हणाली, "रमाबाई, तुमचं तोंड एक बोलते अन् हात एक करते. ते चादर उलटी टाकली तुमी."

मला राग आला हे खरं आहे. हे पत्र त्यामुळेच लांबलं. तुला पुन्हा कुणी विचारावं, याचा राग आला, आणि त्यानंतर तू नाही का म्हणालीस याचा. दोन्ही राग एकदम कसे येतात ते मला सांगता येणार नाही. तू ईशानच्या नावाने नाही म्हणाली असशील, तर ते मला पटत नाही. तो कुणाला अडवून धरणारा नव्हता. दुसरं कारण असेल तर ते तुझं तुला माहीत.

घड्याळाचं काम झालं. तेव्हा यापुढे उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

सौ. रमा


अमरावती
१८ ऑगस्ट २००६

चि. चारुता,

तुझं पत्र आलं. "ती. आईंस" असा मायना पाहिला. सहा पानं आहेत. मी ती स्वयंपाकघरात उभ्याने वाचली आणि मग बसले.

तू घड्याळ का मागत होतीस हे मला आज कळलं. मला वाटलं, तुला ते हवं आहे. तुला ते कौंडण्यपूरला, ईशानच्या अस्थी जिथे सोडल्या तिथेच, वर्धेच्या पाण्यात टाकायचं होतं. ते तुझ्या डोळ्यांपुढे नको होतं, माझ्याही नको होतं, असं तू लिहितेस. कारण फाटकापाशी रोज तू त्याला म्हणायचीस, "बाही वर कर, त्याला भूक लागली असेल." त्या दिवशीही म्हणालीस. तो मोटारसायकलवर बसताना हसला आणि बाही वर केली. आणि नुकसानीच्या पाहणीसाठी मोर्शीकडच्या वाळलेल्या संत्र्याच्या बागा मोजत तो दिवसभर उघड्या हातांनी उन्हात फिरला, म्हणून त्याला ऊन लागलं, असं तू सव्वा वर्ष धरून बसली आहेस. माझ्यासमोर जेवायला बसवत नव्हतं म्हणून गेलीस, आणि त्या सरांना नाही म्हणालीस तेही याच्यामुळे.

मी समजूत काढणारी बाई नाही. समजूत काढायला नसीमबानो आहे. मी तुला पुरावा देते. तो वाच आणि मग ठरव.

पहिलं. त्या बागांत पाणी आटून झाडं उभी वाळली होती. पानं नाहीत, सावली नाही. तो महिनाभर तिथे जात होता, एका दिवसात होईल तेवढं उरकत होता, आणि बाटलीतलं पाणी अर्ध्या दिवसात संपत होतं. माणसाला ऊन कोपराखालून लागत नाही. हे मी शरीरशास्त्र शिकवलेली बाई म्हणून सांगते.

दुसरं. तू एवढं नीट पाठ केलेलं तूच विसरलीस. मला तूच शिकवलंस की घड्याळाला ऊन लागतच नाही, खिडकीतला उजेड पुरतो. ज्याला खिडकी पुरते त्याच्यासाठी कुणी उन्हात हात उघडे ठेवत नाही. ईशानला हे माहीत नव्हतं का?

तिसरं. पिशवीतून आलं तेव्हा काटा दोन-दोन घरं उडत होता. हे मी तुला जूनमध्ये सहज लिहिलं होतं. तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नव्हतं. तुझं पत्र वाचताना आलं. महिनाभर मोकळ्या रानात, भर उजेडात फिरलेल्या माणसाचं घड्याळ उपाशी का राहील? बाहीखाली राहिलं तरच. तो फाटकापाशी तुझ्यासाठी बाही वर करत होता, आणि कोपऱ्यावर वळला की खाली करत होता. रोज. तसा तो लहानपणापासून होता. माझ्यासमोर स्वेटर घालायचा आणि शाळेत काढायचा.

चौथं. त्या पिशवीत त्याचा सदरा होता. निळ्या रेघांचा. दवाखान्यात बाही कापून काढली होती, सलाईन लावायला. मी तो धुतला, फाडून फडकी केली नाहीत, घडी करून ठेवला. आज काढला. डाव्या बाहीचा कफ कात्रीने कापलेला आहे आणि त्याचं बटण काजात आहे. बटण लावलेलं आहे, चारुता. घड्याळ त्याच हातात होतं.

हे सगळं मी यांना सांगितलं. तुझं पत्र वाचून दाखवलं नाही, ते तुझं आहे. फक्त विचारलं की एवढ्या पुराव्यावर तुम्ही काय म्हणाल. हे म्हणाले, "सदरा आण." आणला. कफ मांडीवर घेतला आणि अंगठ्याने ते बटण चाचपत राहिले. हल्ली यांना बोलायला वेळ लागतो. मग म्हणाले, "मूळ वस्तू तिच्याकडे पाठव. नक्कल चालत नाही."

म्हणून कफ रजिस्टरने पाठवते आहे. बटण काढू नकोस. आधी तसंच बघ.

मी गेल्या वर्षी तुला विचारलं असतं की घड्याळ कशाला हवं, तर तू सांगितलं असतंस की नाही, मला माहीत नाही. तू विचारू दिलं नाहीस आणि मी विचारलं नाही.

हे विचारतात, "साक्षीदार कधी येणार?" मी म्हणते, कॉलेजला सुट्टी नाही.

सौ. रमा


अमरावती
२३ फेब्रुवारी २००७

चि. सौ. चारुता,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे पत्र मी मुद्दाम आज लिहिते आहे. लग्नाआधी लिहिलं असतं तर मायना कसा लिहायचा हा प्रश्न होता. आता प्रश्न नाही. लिहिताना हात अडला नाही. पेनाची शाई मात्र तिथेच अडली, झटकून लिहावं लागलं.

तू बोलावलंस, मी आले नाही. यांना जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि वर्षाच्या आत मंगलकार्याला जात नाहीत. कारण तेवढंच आहे. नसीमबानो आली होती ना, तिने येऊन सगळं दोनदा सांगितलं. तुझ्या साडीचा रंग तिने आधी मोरपंखी सांगितला आणि नंतर हिरवा. मी मोरपंखी धरला आहे. तुमचे सर जेवताना वाढप्याला "पुरे, पुरे" म्हणत होते आणि वाढप्या वाढतच होता, असंही म्हणाली. "लई गरीब मानूस हाय, रमाबाई. काय दिवे लावन ते लावन, पन पोरीले तरास नाई देनार." माणूस चांगला वाटतो.

डिसेंबरमधल्या त्या दिवसाबद्दल मी तुला काहीच लिहिलं नव्हतं. तूही लिहिलं नाहीस. आज लिहिते, कारण हे पत्र त्याचसाठी आहे.

तू आलीस तेव्हा घर भरलेलं होतं. यांना बैठकीत ठेवलं होतं. तू कुणाशी बोलली नाहीस, माझ्याशीही नाही. मी भिंतीशी बसले होते. गुरुजी म्हणाले, अंगावरचं काढून घ्या. पुढे कोण होणार म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत होते. तू पुढे झालीस. घड्याळ चालू होतं, शेवटपर्यंत चालू होतं, सकाळीच मी व्हरांड्यात बाही वर करून दिली होती. तू ते मनगटावरून काढलंस, काच पदराने पुसलीस आणि उत्तरेच्या खिडकीत नेऊन ठेवलंस. त्या दिवशी खिडकीची जागा तुला कुणी दाखवली नाही. मी पत्रात लिहिली होती तेवढ्यावरून गेलीस. दार उघडं होतं, त्यातून उन्हाची पट्टी आत येत होती, ती तिथवर सरकेल म्हणून तू ते हाताने आणखी आत सारलंस. आणि मग बाजूला उभी राहिलीस.

संध्याकाळी तू बडनेऱ्याहून गाडी पकडलीस. मी खिडकीपाशी गेले. मला वाटलं, घड्याळ नसेल. त्या दिवशी तू ते नेलं असतंस तर तुला कुणी विचारलं नसतं, आणि मीही विचारलं नसतं. ते तिथेच होतं.

त्यानंतर दोन महिने मी ते रोज पाहिलं. मे महिन्यातल्या गच्चीवरच्या त्या उन्हाने आतला सेल अशक्त झाला असावा. आता ते पूर्वीसारखं फार दिवस तग धरत नाही. दोन दिवस ढगाळ गेले की उड्या मारायला लागतं. त्याला रोज थोडा उजेड लागतो. ते माझ्याच्याने होईल. पण मी ते पाहायला उठते, खिडकीत ठेवते, आणि मग दुसरं काही करत नाही. हे बरं नाही. मला अजून शाळेतल्या मुलींच्या शिकवण्या आहेत.

म्हणून घड्याळ पाठवते आहे. नसीमबानो नगमाकडे येते आहे, तिच्या हाती दिलं आहे. तिला सांगितलं आहे की पिशवीच्या तळाशी टाकू नको, आणि जीपच्या काचेपाशी तर मुळीच ठेवू नको. ती म्हणाली, "बाळंतिनीले नेऊन राहिली का मी?" तरीही लुगड्यात गुंडाळून घेतलंच असेल, तिला ओळखते. म्हणजे प्रवासभर अंधारात राहील. पोचल्यावर काटा उडत असेल तर घाबरू नकोस. खिडकीत ठेव. उन्हात नको, उजेडात. हे मी तुलाच सांगते आहे, हे कळतं मला.

कौंडण्यपूरला न्यायचं असेल तर ने. तुला दिलेली वस्तू तुझी. पण मला वाटतं, आता तू नेणार नाहीस. तुझ्या नवऱ्याला घालायला दे असं मी म्हणणार नाही. तू घाल. पुरुषी दिसेल, दिसू दे. पट्टा जुळवून घ्यायची गरज नाही, यांच्या मनगटासाठी कड्या काढल्या आहेत, तुझ्या हाताला बरोबर बसेल. फळ्यावर लिहिताना बाही आपोआप मागे जाते, तेवढा उजेड त्याला पुरेल.

सोबत एक डबा आहे. त्यात मागच्या मे महिन्यातल्या कुरडया आहेत. चांगल्या वाळल्या होत्या, खराब झालेल्या नाहीत. मी तळणार नव्हते. तू तळ, दोघं खा. तेल चांगलं तापू दे.

काढलेल्या कड्या मात्र पाठवत नाही. त्या माझ्याकडे लॉकरमध्ये राहतील. त्यांना उजेड लागत नाही.

रमा